चिठ्ठीवरचा दगड

"चिठ्ठीवर दगड ठेव गं पोरी. वारा काही विचारून येत नाही."

बाबा असं म्हणाले तेव्हा लेमोनिया सोळा वर्षांची होती. हातात दात घासायचा जुना ब्रश, समोर उत्खननातून निघालेल्या, मातीनं बरबटलेल्या खापरांची बादली आणि अंगणाच्या भिंतीपलीकडे चमचमणारा समुद्र. "हो हो, ठेवते," ती म्हणाली. म्हणायला काय लागतं?

आता ती चौतिशीची होती आणि कोठारातल्या लांब टेबलावर दोनशे तेरा नंबरची पिशवी उलटी करून बसली होती.

"कौलं कसली चिवडतेस?" पांदेलिस रखवालदार दारातूनच म्हणाला. "अठरा वर्षांत कुत्र्यानं हुंगलं नाही त्यांना. शनिवारी रोदाकीबाई येणार, संग्रहालयाची नवी खोली उघडणार. काचा पुसायच्यात, खुर्च्या मांडायच्यात."

"शनिवारनंतर ही सगळी खड्ड्यात पुरायचीत. पुरण्याआधी एकदा नजरेखालून घालायची, असा नियम आहे."

"नियम!" पांदेलिस हसला. "तुमच्या घराण्यालाच नियमांचं वेड. तुझा बाप तर नाक पुसायच्या रुमालावरही दगड ठेवतो."

ती हसली नाही. टेबलाखाली तिची चार वर्षांची मिर्तो कौलांच्या तुकड्यांची उतरंड रचत होती. "तोंडात नाही घालायचं," लेमोनिया खाली न बघताच म्हणाली. पोरीचा बाप जहाजावर असायचा, त्यामुळे दोघांच्या वाटची काळजी तिला एकटीलाच करावी लागे. जिना, विहीर, समुद्र, आणि या मंगळवारपासून बालवाडी.

मंगळवारी मिर्तोनं घरी येऊन विचारलं होतं, "आई, आजोबांनी देवीच्या मुलीचं तोंड कुणाला विकलं?"

गावात हे सगळ्यांना पाठ होतं. टेकडीवर दिमित्रेचं स्थान. दिमित्रा म्हणजे धान्याची देवी, जिची मुलगी जमिनीनं गिळली. तिथल्या खड्ड्यात नवसाच्या बोटभर उंचीच्या वाट्या हजारांनी निघाल्या, आणि त्यांच्या तळाशी एक मोठा रंगीत घडा, तुकडे तुकडे झालेला. घड्यावर मशाल घेऊन मुलीला शोधणारी आई होती. मुलीचा चेहरा असलेली खापरी अगदी शेवटच्या आठवड्यात सापडली. तिच्यावर चुनखडीचा जाड थर होता. उत्खनन चालवणाऱ्या रोदाकीबाईंनी बाटलीतलं पाणी ओतलं तेव्हा थराखालून डोळा उघडल्यासारखा चेहरा दिसला. बाईंनी तिथल्या तिथे वहीत तो काढून घेतला आणि खापरी मुकादमाच्या हातात दिली. मुकादम म्हणजे लेमोनियाचे वडील, अनेस्तिस. संध्याकाळी खापरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोलीस घरी आले. पिठाचा डबा ओतला, आईच्या लग्नाची पेटी उपसली, कोंबड्यांच्या खुराड्यात हात घातला. काही मिळालं नाही, खटलाही झाला नाही. पण खापर बाबांच्या माथी फुटलं ते फुटलंच. सव्वीस वर्षं जमिनीचा रंग बघून 'इथं थांबा, खाली काहीतरी आहे' म्हणणारा माणूस पुन्हा कधी फाटकाच्या आत गेला नाही. लोकांच्या बकऱ्या राखल्या, देवळांना चुना मारला. कॉफीच्या दुकानात तो शिरला की गप्पा थांबत, म्हणून त्यानं तेही सोडलं.

घडा जुळवून झाला. चेहऱ्याच्या जागी प्लास्टरचं पांढरं ठिगळ आलं आणि खाली फलक: 'मूळ तुकडा उत्खननकाळात गहाळ.' गाव 'गहाळ' वाचायचं आणि 'चोरीला' ऐकायचं.

लेमोनिया अथेन्सला जाऊन खापरं जुळवायला शिकली ती या एका ठिगळासाठी. परत येऊन याच कोठारात चिकटली. रोदाकीबाईंच्या एकोणीस वह्या तिनं ओळ न् ओळ वाचल्या. कुठे खाडाखोड आहे, कुठे पान फाटलंय, बाई कुठे चुकल्या किंवा कुठे खोटं बोलल्या, ते शोधत. दर ईस्टरला ती देवळात एक मेणबत्ती जास्तीची लावायची, बाईंच्या दीर्घायुष्यासाठी. माझ्या हाती लागेपर्यंत म्हातारी जगू दे, एवढंच मागणं.

बोट ओलं करून ती एकेक तुकडा घासत होती. ही तिची जुनी सवय. कौल, कौल, रांजणाचा काठ, कौल. मग एक राखाडी ढेकूळ, इतरांहून पातळ. ओलं बोट फिरलं आणि थराखालून काळी रेघ वर आली. भुवई. पुन्हा बोट ओलं केलं. डोळा. नाकाची सरळ उतरण, डोक्यावरून घेतलेल्या वस्त्राची कड.

"सापडलीस," ती इतक्या हळू म्हणाली की मिर्तोनंही वर पाहिलं नाही.

पहिला विचार देवीचा नव्हता, बाबांचाही नव्हता. पहिला विचार होता, म्हातारे, आता तू. कौलांच्या पिशवीत टाकलीस आणि माझ्या बापाला चोर ठरवलंस! तिनं पिशवीच्या तळातली चिठ्ठी काढली. कुणी भरली, कुणी लिहिली, सगळं चिठ्ठीवर असतं. 'पूर्वेचा चर, चौथा थर, कौलं.'

अक्षर बाईंचं नव्हतं. गोल गोल, शेपट्या काढलेलं, शाळकरी पोरी त्या काळी काढायच्या तसलं. तिचं स्वतःचं.

आणि मग ती दुपार आली, जी तिनं अठरा वर्षं कधी पुरती आठवू दिली नव्हती. बाबांनी तो छोटा ट्रे तिच्यासमोर ठेवला होता, धुऊ नको म्हणाले होते, दगडाचं बोलले होते. ती भिंतीवर चढून बंदरात शिरणारी बोट बघत होती. मागून वारा आला. चिठ्ठ्या पाखरांसारख्या उठल्या. काही काट्यांतून वेचून आणल्या, तीन समुद्रात गेल्या. छोटा ट्रे पालथा पडला होता. खाली जे पडलं ते तिनं शेजारच्या ट्रेत लोटलं आणि हरवलेल्या तीन चिठ्ठ्या आठवतील तशा पुन्हा लिहिल्या. सुकलेली ती खापरी बाकीच्या ढेकळांसारखीच ढेकूळ होती. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी विचारलं, "अंगणात काही झालं होतं?" ती म्हणाली, "काहीच नाही."

पुढे कधीमधी तो वारा मनात यायचा. ती उठून कामाला लागायची.

 आता तिनं उठून कपाटातून जुन्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. तोच पिवळट कागद. शाई घेतली. बाईंचं अक्षर उजवीकडे कलतं, आकड्यांना आडव्या रेघा असतात. बारा वर्षं शत्रूचं अक्षर वाचलं की ते आपल्या हातात उतरतं. एका झटक्यात चिठ्ठी लिहून झाली, इतकी हुबेहूब की तिलाच शहारा आला. शनिवारी सगळ्या गावासमोर पिशवी उघडायची आणि बाईंना त्यांचंच अक्षर वाचायला लावायचं.

आपली चिठ्ठी तिनं एप्रनच्या खिशात खोल ढकलली, खापरी मिर्तोच्या मोज्यात गुंडाळली आणि पोरीला कडेवर घेऊन बाबांच्या घराच्या पायऱ्या चढली.

अनेस्तिस अंगणात अंजीर वाळत घालत होते. टेबलावर वर्तमानपत्र आणि त्यावर मुठीएवढा दगड. त्यांनी आधी नातीच्या हातावर अंजीर ठेवलं, मग मोजा उघडला. अंगठा ओला केला, फिरवला. 

"आली का," ते म्हणाले. मग मुकादमानं विचारावं तसं विचारलं, "चिठ्ठी?"

तिनं नवी चिठ्ठी दिली. त्यांनी हात लांब करून वाचली.

"अक्षर बाईंचं आहे," ते म्हणाले. "फक्त बाईंनी जन्मात कौलांची चिठ्ठी लिहिली नाही. कौलं त्यांच्या खिजगणतीतच नव्हती. खरी कुठाय?"

लेमोनियाचा हात आपोआप खिशाकडे गेला. तिनं चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"संध्याकाळी आलो तर तीन चिठ्ठ्या तुझ्या अक्षरात. आणि एकाही ट्रेवर दगड नाही."

"मग बोलला का नाहीत? ट्रे बघा म्हणायचं होतंत! सापडली असती त्याच दिवशी!"

"अंधार पडला होता, उजाडल्यावर शोधू म्हटलं. सकाळी फाटकातच अडवलं मला. आतलं बघा म्हणायचं तर वाऱ्याचं सांगावं लागलं असतं. तू तर काही झालं नाही म्हणून बसलेली." त्यांनी एक अंजीर उलटं केलं. "मला चोर म्हटलं तर काय, एक मुकादम गेला. तुला म्हटलं असतं तर..." पुढचं त्यांनी मिर्तोकडे बघत सोडून दिलं.

"अठरा वर्षं त्या बाईला शिव्याशाप देत होते मी. तुमच्यासमोर. तुम्ही ऐकत होता!"

"त्या रागावर तू शिकलीस गं. चूल पेटलेली होती, मी कशाला पाणी ओतू?"

तिनं खोटी चिठ्ठी उचलली आणि बारीक बारीक फाडली. तुकडे खाली टाकवेनात. उडतील म्हणून मुठीतच धरून ठेवले. राग मात्र फाटला नाही. उलट तो आता स्वच्छ झाला होता, धुऊन वाळवल्यासारखा. त्यातला आपला वाटा तिनं वेगळा काढला. उरला तो बाईंचाच होता.

शनिवारी खोली भरून लोक. पहिल्या रांगेत रोदाकीबाई, ब्याऐंशी वर्षांच्या, काठीवर दोन्ही हात ठेवून. नगराध्यक्षांचं भाषण संपलं तशी लेमोनिया पुढे गेली आणि बाईंच्या हातावर खापरी ठेवली. बाईंनी काही न विचारता अंगठा जिभेला लावला आणि फिरवला. 

"कुठं होती?"

"कोठारात. कौलांच्या पिशवीत. वाऱ्यानं चिठ्ठ्या उडाल्या, मी दगड ठेवला नव्हता. नव्या मीच लिहिल्या आणि पोलिसांना काही झालं नाही म्हणून सांगितलं. हे माझं अक्षर." तिनं चिठ्ठी सर्वांना दिसेल अशी धरली. मागे कुजबुज उठली. पांदेलिसनं डोक्यावरची टोपी काढली.

"देवा," बाई म्हणाल्या. "पोरी, तू तर लहान होतीस. चूक होते. मी तुला..."

"माझी चूक मी लिहून दिलीय, बाई. ती माफ करायला तुम्हाला नाही बोलावलं. आता तुमची. त्या दिवशी अंगणात बेचाळीस ट्रे होते. तुमच्याच वहीत आकडा आहे. त्यातला एक तरी पालथा करून बघितलात?"

बाईंनी खापरी उलटी करून तिची मागची बाजू पाहिली.

"खापरी हरवली की आधी शेजारचे ट्रे बघायचे, हे पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवता तुम्ही. आणि स्वतः सरळ आमच्या पिठाच्या डब्याशी आलात."

"पोलीस आले होते. मी नव्हते..."

"घर कुणी दाखवलं?"

 लेमोनियानं काचेखालचा फलक उपसून आणला, त्याची कोरी बाजू वर करून बाईंच्या मांडीवर ठेवला आणि पेन दिलं.

"लिहा. तुमच्या अक्षरात. सगळ्यांसमोर."

 फलक मांडीवरून घसरत होता. कुणीतरी धरायला पुढे झालं, तर लेमोनियानं नुसतं पाहिलं आणि तो माणूस मागे सरकला. तिनं स्वतःही धरला नाही. एकेक अक्षर उमटताना ती बघत राहिली, जेवढा वेळ लागायचा तेवढा लागू दिला. 'हा तुकडा चोरीला गेला नव्हता. मुकादम अनेस्तिस यांनी तो त्याच दिवशी रीतसर जमा केला होता. मी शोधला नाही.' शेवटचं वाक्य बाईंनी आपणहून लिहिलं. त्याचा तिला राग आला, कारण ते तिला मागून घ्यायचं होतं.

संध्याकाळी अर्धं गाव मुरांब्याच्या बरण्या घेऊन पायऱ्या चढून गेलं. अनेस्तिसनी दार उघडलं नाही. बरण्या उंबऱ्यावर राहिल्या, मुंग्या लागेपर्यंत.

कोठारातलं लेमोनियाचं काम पुढच्या वर्षी कुणी वाढवून दिलं नाही. पोलिसांपुढे खोटं बोललेली बाई चिठ्ठ्यांजवळ कशी ठेवायची? तिला ते पटलंही. आता ती अथेन्सजवळ पिरेअसला असते, मिर्तोला घेऊन. चल म्हटलं तर बाबा येत नाहीत. फोन घेऊन दिला होता, तो वाजत राहतो. रोदाकीबाईंचं एक जाड पत्र आलं होतं म्हणे. बाबांनी ते उघडलं नाही, पण फेकलंही नाही. वर्तमानपत्राशेजारी ठेवलंय, त्याच्यावर वेगळा दगड.

त्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येकाला लेमोनिया एक काम सांगते, आणि तुम्ही जाणार असाल तर तुम्हालाही तेच. बोटीतून उतरलात की देवीच्या टेकडीकडे वळू नका, आधी डावीकडच्या पायऱ्या चढा. शेवटचं घर. हाक मारू नका, ओ मिळणार नाही. फक्त भिंतीवरून टेबलाकडे बघा. कागदांवर दगड असतील तर सगळं ठीक आहे, तसेच खाली उतरा. पण अंगणात कागद उडत असतील तर तिथं थांबू नका. दार लोटा. त्याला कडी नसते.