झाकणातलं तळं

वर्गात दाखवायला म्हणून मी ओट्यावर पृथ्वीवरचं सगळं पाणी मांडून ठेवलं होतं. बादलीत मीठ घालून समुद्र केला. फ्रीजरमध्ये वाटीभर बर्फ, म्हणजे हिमनद्या. पेल्यात जमिनीखालचं पाणी. नद्या-तळ्यांच्या वाट्याला बाटलीच्या झाकणात एक मोठा थेंब आला. घरात सगळ्यांना बजावलं होतं, हात लावू नका.

सकाळी उठून बघते तर बर्फ सासऱ्यांच्या सुजलेल्या घोट्यावर. पेल्यातल्या पाण्याबरोबर नणंदेने गोळी घेतलेली. आणि नवऱ्याने, त्याला कधी नव्हे ती आवराआवरीची हुक्की आली होती, झाकणातला थेंब फडक्याने पुसून टाकला होता.

माझं डोकं फिरलं. नवरा म्हणाला, "घर कशाला डोक्यावर घेतेस? बादली भरलेली आहे की."

मी त्याच बादलीतून पेला भरून त्याच्या हातात दिला. एक घोट घेऊन तो बेसिनकडे पळाला.

"बरं बाई, नळ आहे ना," तो तोंड पुसत म्हणाला. "पुन्हा मांड."

"नळाला तळ्यातलं पाणी येतं," मी म्हणाले. "तळं तू मघाशी पुसलंस."