माझ्या होकारावर पुसलेला फळा

"सर, गेल्या सहा आठवड्यांत तुम्ही जे शिकवलंत, त्यातलं मला काहीच कळलेलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगता का?"

हा प्रश्न भर वर्गात, उभं राहून, न अडखळता विचारायचा अशी पैज होती. पैज लावणाऱ्या तिघी मैत्रिणी मायदेशी, माझ्या जुन्या शाळेत, शेवटच्या बाकावर बसतात. मी इथे परक्या देशात पहिल्या बाकावर. मी विचारलं तर तिघी आठवडाभर तेल चोपडून, दोन वेण्या, लाल रिबिनी अशा अवतारात शाळेत जाणार.

"आणि नाही विचारलं तर?" मी फोनवर म्हटलं.

"तर तू भित्री भागूबाई झालीस असं समजू," आमच्यातली वकीलीण म्हणाली. तिला वकीलीण म्हणतो, कारण ती मुख्याध्यापकांशीसुद्धा मुद्द्याला मुद्दा लावून भांडते.

ही वेळ आली ती माझ्याच तोंडामुळे. आपल्याकडे सरांनी "समजलं का?" म्हटलं की अख्खा वर्ग एका सुरात "होऽऽऽ" करतो. समजण्याशी त्याचा काडीचाही संबंध नसतो, घंटा वाजली की डबा उघडावा तसं ते आपोआप होतं. इथे पहिल्याच दिवशी फिजिक्सच्या सरांनी तेच विचारलं आणि माझ्या तोंडून त्यांच्या भाषेत, पण आपल्या चालीवर, लांबलचक "हो" निघून गेलं. एकटीचं! बाकी वर्ग चिडीचूप. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारताना थेट माझ्याकडेच बघितलं. काल हो म्हटलं, मग आज नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? परत हो. आठवड्याच्या शेवटी त्यांनी मला वरच्या गटात टाकलं.

वरच्या गटाचा अभ्यासक्रम एका वर्षात संपतो, खालच्याचा दोन वर्षांत. आणि मी आले होते एकाच वर्षासाठी. "एक वर्ष. वर एक दिवस नाही," आईने विमानतळावर माझी बाही धरून बजावलं होतं. बाबाने तर वरच्या गटाची बातमी ऑफिसात, सोसायटीत आणि दाढी करणाऱ्या काकांनाही सांगून टाकली.

मी राहते आत्याकडे. तिच्या बाहेरच्या खोलीत माझी घडीची खाट आहे. सकाळी ती उभी करून ठेवली नाही तर स्वयंपाकघराचं दार उघडत नाही. खिडकीतून बसथांबा दिसतो. तिथल्या पाटीवर बसला किती मिनिटं आहेत ते दिसतं. ती शेवटच्या एकावर आली की मगच मी घराबाहेर पडते, अगदी दररोज. वर्गात मी फळ्यावरचं सगळं उतरवून घेते, बाण, उणे, अधिक, सरांनी चुकून ओढलेली रेघसुद्धा. वही इतकी सुंदर आहे की प्रदर्शनात मांडावी. डोक्यात मात्र सगळा ठणठणाट. आणि रविवारी आईने विचारलं की माझं ठरलेलं: "मस्त चाललंय!"

सोमवारी सूचना लागली. शुक्रवारी चाचणी, आणि तिचे गुण शेवटच्या दाखल्यावर चढणार. ज्याला खालच्या गटात जायचं असेल त्याने चाचणीआधी पालकाच्या सहीचा अर्ज द्यावा. सोमवार रात्र, मंगळवार रात्र मी वहीची पानं उलटत राहिले. जेवण जाईना. आत्या म्हणाली, "तब्येत बरी आहे ना गं?" मी म्हटलं, "मस्त."

आत्या दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर मापं पाठवतात आणि ही कवळ्या बनवते. बुधवारी संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर प्लास्टरचा एक जबडा ठेवून त्यावर मेणात दात बसवत होती. समोर माझं पुस्तक, शेजारी कुणाचा तरी जबडा. अभ्यासाला अगदी पोषक वातावरण!

"या आजोबांची ही दुसरी वेळ," ती पुटपुटली. "पहिली कवळी बसवली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, टोचतेय का? आजोबा म्हणे, छे छे, छान आहे. भिडस्त माणूस! महिनाभर घरी पातळ खात बसले. हिरडी सोलवटून निघाली, तेव्हा आले परत."

"मग तू चिडलीस?"

"चिडायचं काय त्यात? त्याच दिवशी बोलले असते तर कानशीने एवढंसं घासून दिलं असतं. आता माप पहिल्यापासून." तिने एक दाढ चिमटीत धरून दिव्याकडे केली. "तू का पांढरी पडलीस?"

"काही नाही," मी म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर सपासप पाणी मारलं.

गुरुवारी तिसरा तास. सरांनी फळा भरला, मागे वळले, "समजलं का?" म्हणाले आणि सवयीने माझ्याकडे बघत डस्टर उचललं. मी उभी राहिले. आणि पैजेचा प्रश्न शब्दन् शब्द विचारला.

सरांनी डस्टर खाली ठेवलं.

"पण तू तर रोज हो म्हणतेस. तुझ्या हो म्हणण्यावर मी फळा पुसतो."

"हो. म्हणजे नाही. ती आमच्याकडची सवय आहे, सर."

मागून कुणीतरी एवढ्या मोठ्याने सुस्कारा सोडला की सगळे वळले. "म्हणजे हिच्यामुळे होय! आमचं अर्धंच उतरवून व्हायचं आणि फळा साफ!" मग जो हशा पिकला, त्यात मीही कान लाल करून हसले.

तास संपल्यावर सरांनी मला थांबवलं. कुठपर्यंत कळलं होतं, विचारलं. मी वहीचं दुसरं पान दाखवलं. त्यांनी उरलेली पानं चाळली, बराच वेळ. "अक्षर सुरेख आहे," ते म्हणाले. "पण एका दिवसात हे भरून निघणार नाही. उद्या बसलीस तर नापास होशील. खालचा गटही मीच शिकवतो. तिथे पहिल्यापासून घेता येईल." आणि अर्ज पुढे केला.

बसमध्ये तो कागद मी मांडीवर घट्ट धरून बसले होते. एक सही आणि वर्षाची दोन वर्षं. आईचा बाही धरलेला हात सारखा आठवत होता. क्षणभर वाटलं, कागद चुरगाळावा, चाचणीला बसावं, काहीतरी चमत्कार होईल. मग ती सुंदर वही आठवली.

आत्याने अर्ज दोनदा वाचला. पेन काढलं, टोपण उघडलं आणि थांबली. "सही मी करते. पण दादाला तू सांगायचंस. मी मध्ये पडणार नाही."

"ओरडेल गं तो."

"ओरडेल. मी त्याची बहीण आहे, मला विचार. पाच मिनिटं ओरडतो, मग पाणी मागतो."

मी फोन लावला. पडद्यावर आधी बाबाचं कपाळ आलं, मग आईचा चष्मा.

"काय गं, आज गुरुवारीच?" आई लगेच घाबरली. "बरी आहेस ना?"

"आमच्या शास्त्रज्ञ बाई!" बाबा म्हणाला. "उद्या चाचणी ना? झेंडा रोवून ये. मी ऑफिसात—"

"बाबा, थांब. आधी मी बोलते, मग तू ओरड. आई, तूही ऐक. मस्त चाललंय असं मी दर रविवारी सांगायचे ना, ते खोटं होतं. मला सहा आठवडे काही कळलेलं नाही. आज मी वर्गात उभी राहून तसं सांगितलं."

शेजारी आत्याने पेन माझ्या हातात ठेवलं, का ते मला कळलं नाही, पण मी ते गच्च धरलं. आईने हळूच विचारलं, "मग आता?"

"मी उद्या चाचणीला बसणार नाही. मी खालच्या गटात जातेय, पहिल्यापासून शिकायला. म्हणजे मी एका वर्षात येणार नाही, आई. दोन लागतील. ठरलंय माझं."