एका गोळीत दोन्ही कामं

परदेशीपुऱ्याजवळची मिल बंद पडली आणि टाइमकीपर श्रीकृष्णरावांचं ऐकणारं कुणी उरलं नाही. पुढे गल्लीतले लोक औषधांच्या चिठ्ठ्या वाचून घ्यायला त्यांच्याकडे येऊ लागले. गल्ली त्यांना भिया, म्हणजे दादा, म्हणायची. "भियाला विचारा," असं कुणी म्हटलं, की त्यांची मान ताठ व्हायची.

त्यांच्या बायकोला, शालिनीबाईंना, कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती. हाडं ठिसूळ झाली म्हणून कॅल्शियमची वेगळी. कॅल्शियमने पोट साफ होत नाही, अशी त्यांची कुरकुर असायची. एकदा श्रीकृष्णरावांनी पेपरात वाचलं, की कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्यांची हाडं कमी मोडतात, असं परदेशात दिसलंय. अजून खात्री नाही, असंही खाली छापलं होतं. ते त्यांनी वाचून सोडून दिलं.

"एका गोळीत दोन्ही कामं होतात. कॅल्शियम बंद कर," ते म्हणाले. गल्लीतही तेच सांगत सुटले.

थंडीत शालिनीबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर अमिता यांनी विचारलं, "कॅल्शियम कुणी बंद केलं?"

"मीच," शालिनीबाई चटकन बोलल्या.

"असं मनानं करतात का, आजी?"

श्रीकृष्णराव खिडकीबाहेर बघत राहिले. बायको त्यांच्यासाठी बोलणी खात होती.

डॉक्टर गेल्यावर शेजारचा मोहन टिफिन घेऊन आला. "भिया, तुमच्या सांगण्यावरून मी आईचं कॅल्शियम पण बंद केलं. ठीक केलं ना?"

शालिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. श्रीकृष्णरावांची कानशिलं तापली.

"चालू कर, मोहन. आजच. खात्री नाही असं पेपरात लिहिलं होतं, ते मी लपवलं. हिचंही मीच बंद करायला लावलं."

मोहन टिफिन ठेवून खाली मान घालून निघून गेला.

श्रीकृष्णराव उठून डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं.

"त्यामुळेच मोडलं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण कोलेस्टेरॉलची गोळी हृदयासाठी आहे. हाडांसाठी ती चालते, हे अजून सिद्ध झालेलं नाही. दोन्ही औषधं घ्यायला हवीत."

ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ते परतले तेव्हा शालिनीबाई म्हणाल्या, "अहो, कशाला सांगायला गेलात? लोक काय म्हणतील तुम्हाला?"

होळीपर्यंत शालिनीबाई वॉकर धरून अंगणात येऊ लागल्या. श्रीकृष्णराव शेजारून चालायचे, पण गल्लीत कुणी दिसलं की आधी त्यांचीच नजर खाली जायची.