बर्फाच्या चार लाद्या

या बाबांनो, असे जवळ सरका. आज एका शिंपीणताईची गोष्ट सांगतो. ऐकताना डोळे भरले तर भरू द्या, देवाला ओल्या डोळ्यांचं वावडं नाही.

ताईची आई भर दुपारी गेली. धाकटा भाऊ दूर बोटीवर नोकरीला. त्याने फोनवर एकच मागणं मागितलं: उद्या दुपारपर्यंत पोचतो, आईचं तोंड तेवढं बघू दे. ताईने शब्द दिला. दिवस उन्हाचे, म्हणून तिने बर्फाच्या कारखान्याला फोन लावला. अख्खी लादी लागेल, असं तिथला माणूस म्हणाला. पण ताईचा जिना इतका अरुंद, की शिलाई मशीनसुद्धा खिडकीतून वर घेतलेलं. तेव्हा तिने लांबी, रुंदी, जाडी सगळंच निम्मं करून कापायला सांगितलं आणि तशा चार लाद्या मागवल्या.

बर्फवाला लाद्या वर आणताना म्हणाला, "चारच, ताई? कमी पडतील हो."

एवढ्या दुःखातही ताईला ते लागलं. "अहो, जन्म गेला माझा मापं घेण्यात. लांबी अर्धी, रुंदी अर्धी, म्हणजे पाव. चार पाव मिळून एक. मला नका शिकवू."

त्याने लाद्या आईच्या खाटेखाली लावून दिल्या. अशा घरात हुज्जत कोण घालणार?

सकाळी खाटेखाली नुसतं पाणी. फडकं पिळता पिळता ताईचा हात थांबला. कापड बेतताना जाडी कोण धरतं? बर्फाची मात्र धरायला हवी होती. तीही निम्मी झालेली. म्हणजे चार नव्हे, आठ लाद्या लागत होत्या. ती धावत कारखान्यावर गेली, तर सुट्टीचं कुलूप.

ऊन चढलं. शेजारचे डॉक्टर हळूच म्हणाले, आता थांबू नका. ताईने आईचे केस विंचरले, गालाला गाल लावला आणि स्वतःच म्हणाली, "उचला."

भाऊ आला तेव्हा खाट रिकामी होती. ताईने काही लपवलं नाही. तो खाटेच्या कडेवर बसला. मग म्हणाला, "कशी दिसत होती गं?"

ताईने सांगायला तोंड उघडलं, पण "केस विंचरले होते मी," याच्यापुढे तिला जाता येईना. शेवटी भावानेच तिला जवळ घेतलं.

बाबांनो, आज हात जोडाल तेव्हा त्या माउलीसाठी जोडालच. पण ताईचीही आठवण काढा. भावाने तिला केव्हाच माफ केलं. तिने स्वतःला अजून केलेलं नाही.