१८९७चा क्रूस

मोजपट्टीचं एक टोक विद्याधर मराठ्यांनी क्रुसाच्या पायथ्याशी दाबून धरलं आणि दुसरं वर ऑगस्टीनच्या हातात दिलं. पाच फूट तीन इंच. आकडा वहीत उतरवून ते खाली वाकले आणि पायाच्या दगडावर कोरलेलं साल त्यांनी बोटाने साफ केलं. १८९७. उपनगर इतिहास मंडळाला इतका सरळ पुरावा दहा वर्षांत मिळाला नव्हता. गडी खूश होता.

अंधेरीच्या या गावठाणातला रस्ता रुंद व्हायचा होता आणि क्रूस नेमका आखणीत येत होता. शंभर वर्षांहून जुना ठरला तर रस्ता वळणार, नाहीतर क्रूस जाणार, असा साधा मामला. प्लेगच्या साथीत ठिकठिकाणी असे क्रूस उभे राहिले. हाही त्यातलाच, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. आता कागदावर फक्त सर्वांत वयस्कर गावकऱ्याची सही हवी होती. तो मान ऑगस्टीनचा, वय सत्त्याहत्तर.

विद्याधर निवृत्त इंजिनियर, आणि थापा खपवून न घेणारा माणूस. मागच्या वर्षी एका सोसायटीतली 'पेशवेकालीन' विहीर त्यांनी विटा तपासून मंडळाच्या यादीतून उडवली होती आणि सगळ्या सोसायटीच्या शिव्या निवांतपणे खाल्ल्या होत्या. अशा माणसासमोर काय बोलायचं? ऑगस्टीनने कागद घेतला, चष्मा घरी राहिलाय, उद्या देतो म्हणाला. चष्मा त्याच्या खिशातच होता.

खरं काय ते गावात आता दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि त्याच्या बायकोला. क्रूस १९५६ सालचा. ऑगस्टीनचा थोरला भाऊ लेस्टर याच वळणावर विटीदांडू खेळत होता. गंजका खिळा पायात घुसला आणि आठ दिवसांत पोरगा धनुर्वाताने गेला. बाप गवंडी. पलीकडच्या गल्लीत प्लेगच्या वेळचा एक क्रूस कधीचा मोडून पडला होता. त्याचा पायाचा दगड बापाने उचलून आणला आणि त्यावर पोरासाठी नवा क्रूस बांधला. नाव कोरायला बसला तेव्हा आईने त्याचा हात धरला. येता-जाता ते नाव माझ्याच्याने वाचलं जाणार नाही, म्हणाली. नाव राहून गेलं. साल दगडावर आधीचंच होतं, आणि लोक तेच वाचत आले.

क्लारा ओट्याशी बोंबील साफ करत होती. ऑगस्टीनने सगळं सांगितलं. मराठे सर सरळ माणूस आहे, त्याला फसवायची लाज वाटते, म्हणाला. तिने सुरी खाली ठेवली.

"खरं सांग. मंगळवारी बुलडोझर येईल. मग लेस्टर कुठे आहे, म्हणून कोणी विचारलं तर काय दाखवशील?"

दाखवायला दुसरं काही नव्हतंच. एकुलता एक फोटो पुराच्या साली भिजून गेला होता, आणि दफनभूमीतली जागा कधीच दुसऱ्या कोणाला देऊन झाली होती.

"सही केली तर क्रूस राहील गं," तो म्हणाला. "पण त्याचा नाही राहणार. प्लेगचा होईल."

क्लाराने पुन्हा बोंबील हातात घेतला.

सकाळी त्याने सही केली. सही नेहमीसारखी सरळ आली, याचंच त्याला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

रस्ता वळला. मंडळाने संगमरवरी पाटी बसवली: 'प्लेगच्या साथीत मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ, इ. स. १८९७.' विद्याधरांनी स्वतः उभं राहून ती सरळ लावून घेतली. ऑगस्टीन दूध आणायला जाताना दुसऱ्या गल्लीने जाऊ लागला.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मात्र जावंच लागलं. तो मेणबत्ती लावत होता तेवढ्यात विद्याधर वीस-पंचवीस माणसं घेऊन आले. मंडळाची रविवारची फेरी होती. त्यांनी प्लेगची हकीकत सांगितली, पायाचा दगड दाखवला, आणि हे आमचे ऑगस्टीन अंकल, यांच्यामुळे हा क्रूस वाचला, अशी ओळखही करून दिली. गंधाली नावाची कॉलेजातली मुलगी मंडळासाठी टिपणं घेत होती. ती पुढे आली.

"अंकल, तुमच्या घरातलं कोणी गेलं होतं का त्यात?"

नाही म्हटलं असतं तर विषय संपला असता. ऑगस्टीनने काडी विझवली.

"हो. थोरला भाऊ."

"नाव?"

"लेस्टर."

तिने 'थोरले बंधू' एवढं लिहिलं आणि ती माणसांबरोबर पुढे निघाली. कोणाच्याच काही लक्षात आलं नाही. विद्याधर मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी पाटीवरचं साल पाहिलं, मग ऑगस्टीनकडे पाहिलं, आणि पायाचा दगड व वरचा क्रूस यांच्यामधल्या सांध्यावर बोट फिरवलं. इंजिनियर माणूस, सांधा आता दिसला. ऑगस्टीन मान खाली घालून उभा राहिला. आता हा माणूस क्रूस यादीतून काढणार, याची त्याला खात्री होती.

"गंधाली, इकडे ये," विद्याधरांनी हाक मारली. "नाव लिहायचं राहिलंय तुझं. लेस्टर लिही."

मग त्यांनी ऑगस्टीनला हळूच विचारलं, "वय काय होतं?"

"दहा."

"वय दहा," विद्याधर म्हणाले, आणि तिचं लिहून होईपर्यंत तिथेच थांबले.