आभाळाचा उरलेला तुकडा

मित्रांनो, मी एक जुना, रंगवलेला पडदा आहे. खरे म्हणजे त्याचा उरलेला तुकडा. इटलीत, पिआवे नदीकाठच्या एका गावातल्या ऑपेरागृहात मी रंगमंचाच्या मागे टांगलेला असे.

फुल्जेन्झिओ चित्रकाराने मला घडवले. त्याने पट्टे शिवून केलेले कापड जमिनीवर अंथरले आणि सरसात कालवलेले रंग लांब दांड्याच्या कुंचल्याने चढवले. खाली बंदर, वर पहाटेचे आभाळ. मी सपाट होतो, पण प्रेक्षकांना माझ्यात कोसभर समुद्र दिसे. पहिल्या प्रयोगात मी दिसताच टाळ्या पडल्या. मुख्य गायक चिडला.

"लोक माझं गाणं ऐकायला आलेत की हे फडकं बघायला?"

"तुम्ही तोंड तर उघडा, मग कळेल!" फुल्जेन्झिओ हसत म्हणाला.

अशी पंधरा वर्षे गेली. मग युद्ध नदीपर्यंत आले. नाट्यगृहाचे रुग्णालय झाले, रंगमंचावर खाटा लागल्या. जखमी सैनिक माझ्याकडे बघत बघत डोळे मिटत. एके दिवशी कफनाचे कापड संपले. डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. फुल्जेन्झिओही त्या दिवशी तिथेच होता. त्याची मुलगी नेरीना तिथे शुश्रूषा करत असे. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"बाबा, जिवापाड जपलंय तुम्ही याला!"

"म्हणून काय पोरांना उघडंच पुरायचं? आण ती कात्री. दुसरा कुणी वेडंवाकडं कापेल."

त्याने आधी आभाळ कापले. एकोणीस सैनिक माझ्यात गुंडाळले गेले. त्याच हिवाळ्यात तापाने फुल्जेन्झिओही गेला. "माझ्यासाठी कापू नकोस, पोरं अजून येताहेत," असे तो नेरीनाला बजावून गेला होता. त्याला त्याच्या जुन्या कोटातच पुरले.

युद्धानंतर सार्डिनिया बेटावरून बोनारिया नावाची म्हातारी मुलाची कबर शोधत नेरीनाकडे आली.

"पोरी, माझ्या बाकीझिओला नीट झाकलं होतं ना गं?"

नेरीनाने मला उलगडले. "यातलंच कापड होतं, मावशी."

म्हातारीने माझ्या निळ्या कडेवरून हात फिरवला. "हे असंच निळं त्याच्या तोंडावर होतं?"

"हो."

तिने गाल माझ्यावर टेकवला.

आता नाट्यगृह बंद आहे. मी माळ्यावर पडून आहे आणि उंदीर माझी कड कुरतडतात. मित्रांनो, मी तुमच्या हाती आलो, तर माझी घडी घालू नका. घडीवर रंग तडकतो. मला सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. अठरा जणांच्या आया अजून आलेल्या नाहीत.