कुंडीत घातलेलं नाक

लिस्बनच्या आल्फामा या जुन्या वस्तीत संत अंतोनीच्या सणाला प्रेम कुंडीतून द्यायचं असतं. कुंडीत मांजेरिको, तुळशीच्या कुळातलं, बारीक पानांचं, चेंडूसारखं गोल झाड. त्यात एक कागदी फूल खोचायचं आणि काडीला चिकटवलेल्या कागदावर चार ओळींचं कवन. कवन कुणी मोठ्याने वाचलं की ज्याच्यासाठी ते आहे त्याने त्याच यमकात उत्तर द्यायचं, नाहीतर गल्ली हसते. आणि वास घ्यायचा तो हाताने. झाडावरून तळहात फिरवायचा, तळहात हुंगायचा. नाक थेट लावलं की झाड सुकतं आणि त्या झाडाबरोबर जे काही असेल तेही. हे तिथल्या रांगत्या पोरालाही ठाऊक आहे.

एवारिश्तो मास्तरांना तर नक्कीच ठाऊक होतं. जन्म त्याच गल्लीतला. सगळी हयात शाळेत पोर्तुगीज साहित्य शिकवण्यात गेली, बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. रोज संध्याकाळी ते एर्मेलिंदाच्या खानावळीत कोबी-बटाट्याचं सूप प्यायला जात. एर्मेलिंदा विधवा, हाताला चव आणि जिभेला धार. जून आला की ती खानावळीच्या दारातच कुंड्यांचं दुकान मांडी.

यंदा मास्तरांच्या जिवाला घोर होता. त्यांची मुलगी तेल्मा दूर उत्तरेला, ब्रागा शहरात राहते. तिने फर्मान काढलं होतं, "बाबा, सण झाला की सामान बांधा. एकटे राहायचं वय नाही तुमचं." मास्तर हो म्हणून बसले होते, आणि ते गल्लीभर झालं होतं. आता एर्मेलिंदाने नुसतं 'थांबा' म्हटलं असतं तरी ते थांबले असते. पण ती म्हणणार कशी? यांनी कधी विचारलंच नव्हतं! आठशे वर्षांची प्रेमकाव्यं तोंडपाठ, आणि स्वतःचं एक वाक्य जिभेवर येत नव्हतं.

म्हणून त्यांनी वळसा घेतला. एर्मेलिंदा एकदा कुरकुरली होती की ठोक व्यापारी दरवर्षी तीच शिळी छापील कवनं देतो. मास्तर उडी मारून म्हणाले, "दोना एर्मेलिंदा, यंदाची कवनं मी लिहितो."

लिहिली. पण मास्तर ते मास्तरच. त्यांनी कुंड्यांत सगळा इतिहास पेरला. आधी राजदरबारातल्या चारणांच्या ढंगातली, मग अलंकारांत गुंतलेली बरोक, मग स्वच्छंदतावादी, वास्तववादी आणि शेवटी आधुनिक. फळीवर कुंड्याही त्यांनी काळाच्या क्रमाने मांडल्या. एर्मेलिंदाने त्या उंचीप्रमाणे पुन्हा मांडल्या.

या सगळ्यांत, मागच्या कोपऱ्यात, एक कुंडी त्यांनी हळूच सरकवून ठेवली. तिच्यावरचं कवन कुठल्याच काळातलं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं होतं. दिवे लागले, गर्दी पांगली, की ती कुंडी उचलून एर्मेलिंदाच्या हातात द्यायची, असा बेत होता.

सणाच्या आदल्या दिवशी दुपार कलली तशी सार्डिन माशांचा धूर गल्लीभर पसरला, कुंड्या भराभर खपू लागल्या आणि तेवढ्याच भराभर परत येऊ लागल्या.

पहिला आला अग्निशमन दलातला एक दांडगा गडी. "अहो मास्तर, यात लिहिलंय, 'मरेन, पण तुझं नाव सांगणार नाही.' नाव सांगितलं नाही तर तिला कळणार कसं?"

"ती दरबारी रीत आहे. प्रिय स्त्रीचं नाव गुप्त ठेवायचं."

"तेच तर! तिच्या बहिणीने कुंडी स्वतःची समजून नेली ना!"

बरोक कवनाचा अर्थ लागेपर्यंत एकाची मैत्रीण दुसऱ्याबरोबर नाचायला गेली. स्वच्छंदतावादी कुंडी एका होणाऱ्या सासूच्या हाती पडली. ती तणतणत आली, "साखरपुड्याला थडगं? वर चंद्र, वर घुबड? माझ्या पोरीला खोकला झालाय, तेवढ्यावरून तिला मारूनच टाकलीत होय?" वास्तववादी कवनात कंटाळलेली बायको खिडकीतून शेजाऱ्याकडे बघत होती. ते वाचून गल्लीतला न्हावी जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, तुम्हाला हे कुणी सांगितलं?" आधुनिक कवनात तर ट्रामचे ब्रेक किंचाळत होते. ते कुणी विकतही घेतलं नाही.

शेजारी मासे भाजणारी झुल्मिरा हसून हसून बेजार झाली. "एर्मेलिंदा, अगं याला सूप पाज नि घरी पाठव! धंदा बुडवेल तुझा."

"बुडवू दे," एर्मेलिंदा म्हणाली. "दरवर्षी कुंडी घेतात नि निघून जातात. यंदा निदान माणसं येऊन भांडतायत तरी." आणि मास्तरांकडे वळून म्हणाली, "पण मास्तर, एवढ्या सगळ्यांच्या तोंडून बोललात. तुमचं तोंड कुठाय यात?"

मास्तरांचे कान तापले. तोंड मागच्या कोपऱ्यात होतं. ते सांगायला त्यांनी ओठ उघडले आणि तेवढ्यात त्यांना दिसलं की कोपरा रिकामा आहे.

कुंडी एका खलाशाच्या हातात होती. पांढरा गणवेश, तोंडभर हसू. "ही द्या, काकू. एकच शहाणं कवन आहे इथं. माझी फेर्नांदा खूश होईल." त्याने खिशात हात घातला.

"ती... ती नको घेऊ," मास्तर म्हणाले.

"का हो?"

का? सगळी गल्ली ऐकत होती. खोटं बोलण्याची सवय नाही, खरं बोलण्याची छाती नाही. एर्मेलिंदाने पैसे घ्यायला हात पुढे केला. मास्तर तीन ढांगांत पुढे झाले, वाकले आणि त्यांनी आपलं भलंमोठं नाक, चष्म्यासकट, थेट मांजेरिकोत खुपसलं.

झुल्मिराच्या चिमट्यातला मासा निखाऱ्यात पडला.

"अरे देवा!" खलाशी कुंडी फळीवर सोडून मागे सरला. "मास्तर, तुम्ही इथलेच ना? नको, नको. फेर्नांदाला सुकलेलं झाड दिलं तर ती मला जिवंत ठेवायची नाही." त्याने घाईघाईने दुसरी कुंडी उचलली. जाताना त्याच्या हातात ट्रामचे ब्रेक होते, पण ते त्याने पाहिलं नाही.

मास्तर उभे राहिले. नाकाला एक पान चिकटलेलं. इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती, आणि इतकं हलकंही वाटलं नव्हतं.

एर्मेलिंदाने कुंडी जवळ ओढली. या माणसाने कशापायी नाक कापून घेतलं ते तिला बघायचं होतं. तिने कवन मनातल्या मनात वाचलं. पुन्हा वाचलं.

"मोठ्यानं वाच की गं!" झुल्मिरा ओरडली.

एर्मेलिंदाने घसा साफ केला.

"बटाट्याचे सूप तुझे,
वाफ चष्म्यावर येते;
दिसेनासे होते सारे,
तरी घर सापडते."

कुणी हसलं नाही. आता उत्तर तिला द्यायचं होतं, त्याच यमकात. मास्तरांनी जमिनीकडे नजर लावली. नाही म्हणाली तर उद्याच सामान बांधायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

एर्मेलिंदा ॲप्रनला हात पुसत होती. कधीचे कोरडे झालेले हात ती पुसतच राहिली. मग आत गेली, सुपाची वाटी भरून आणली, ती मास्तरांपुढे धरली आणि सगळ्या गल्लीदेखत म्हणाली,

"चष्मा पूस, नीट बघ,
वाटी कोण पुढे देते;
जा तू खुशाल ब्रागाला,
सूप इथेच शिजते."

इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी कधी 'अहो'वरून 'अरे'वर आली नव्हती. गल्लीने टाळ्यांचा कडकडाट केला. न्हाव्याने उगाचच खानावळीची घंटा वाजवली.

"आणि झाड सुकलं तर?" मास्तरांनी कसंबसं विचारलं.

"तुझ्या नाकाने सुकलं, तर पाणीही तूच घालायचं. रोज, सकाळ-संध्याकाळ."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या. डोळे ऐकत नव्हते.

"मास्तर," झुल्मिराने नवे मासे जाळीवर टाकत विचारलं, "एर्मेलिंदाचं हे कवन कुठल्या काळातलं म्हणायचं हो? दरबारी की ते थडग्याचं?"

आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांनी साहित्यावरच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. सूप गरम होतं, आणि ते पीत होते.